आतून कडी

१४ एप्रिल

सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. गावभरचं बोलणं कानावरून गेलं, पण तोंडातून एक अक्षर बाहेर पडलं नाही. नवरा होता तोवर जेवताना त्याच्याजवळ चार गोष्टी बोलायचे. तो गेल्यापासून सगळं पोटात साठतं, म्हणून लिहायला घेतलंय. शिवाय आता घरात पैसे देणारे पाहुणे ठेवायचं ठरवलंय, म्हणजे लिहिण्यासारखं काहीतरी घडेलच.

पुढच्या तीन खोल्या रिकाम्याच पडल्या होत्या. उन्हाळ्यात डोंगर चढायला, तलावात डुंबायला माणसं येतात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांवर पाट्या लागल्या. धाकट्या बहिणीनं, बुरमाकाननं, तलावाच्या पलीकडच्या काठावर केव्हाच सुरू केलंय आणि फोनवर ऐकवतही असते. मग मीच का मागं राहू?

भीती एकच, परक्या माणसांची. पण सागिन आहे. आई गेली तेव्हा तो रांगत होता, मीच त्याला वाढवला. मला एजे म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. म्हणायला भाऊ, खरं तर थोरला लेकच. रशियात बांधकामावरून पडला, पाठ दुखावली, बायको सोडून गेली, तेव्हा परत आला तो माझ्याकडेच. माझा मुलगा तालांत मॉस्कोत टॅक्सी चालवतो. त्याची बायको कुंदुझ इथं माझ्याजवळ असते, मला आपा म्हणते, आईला म्हणतात तसं. घरात पुरुषमाणूस म्हणून सागिनच.

आज त्यानं तिन्ही खोल्यांना नवी कुलपं बसवली. फाटकाला घंटा, आमच्या बाजूच्या कपाटांना टाळी. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला. चालला की खुळखुळतो, मला बरं वाटतं.

"एजे, तू फक्त चहा ओत आणि हस," म्हणाला. "राखण माझ्याकडं."

कुंदुझ भांडी विसळत होती. मान न वळवताच म्हणाली, "खोल्यांना आतून कड्या हव्यात. पाहुण्यांना आतून बंद करता आलं पाहिजे."

"आणि आत कोणी बेशुद्ध पडलं म्हणजे? आग लागली म्हणजे? दार काय तुझा बाप येऊन फोडणार?"

मला हसू आलं. बोलतो तिरकस, पण मुद्द्याचं. कुंदुझ भांडी उपडी घालून आत निघून गेली. ती बोलतच नाही. तिच्या खोलीचं दार ढकलावं तर आतून पेटी टेकवलेली असते. विचारलं तर म्हणते, वारा येतो. बंद घरात कुठला वारा येतो, तिलाच ठाऊक.

२ मे

पहिले पाहुणे. चेक नवराबायको. माणूस ताडासारखा उंच, दारातून वाकून येतो. बूट घालून थेट माझ्या गालिच्यावर! मी ओरडले तर त्यानं हात जोडले आणि एक बूट हातात, एक पायात असा उभा राहिला. दुपारी बघते तर आमच्या फ्रीजमधून करवंदासारख्या त्या काळ्या फळांचा मुरंबा काढून चमच्यानं खातोय. पैसे दिले म्हणजे घरच विकत घेतलं की काय?

सागिननं लगेच मधल्या बोळात जाड पडदा टांगला. पडद्याच्या अलीकडं आम्ही, पलीकडं पाहुणे. "सीमा आखली पाहिजे, एजे. नाहीतर उद्या तुझ्या पलंगावर येऊन झोपतील."

खरंच आहे. परक्याला बोट दिलं की तो हात धरतो.

१९ मे

पोलंडच्या दोन बायका ठरल्यापेक्षा आधीच निघून गेल्या. गाडी लवकरची आहे म्हणाल्या. मी वाटेसाठी कणकेचे तळलेले बोर्सोक बांधून दिले, ते त्यांनी घेतले नाहीत. असं आजवर कोणी केलं नव्हतं.

संध्याकाळी कुंदुझनं फोनवर त्यांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. जेवण उत्तम, घर स्वच्छ, पण घरातला माणूस किल्लीनं दार उघडून आत येतो. कपडे बदलत असतानाही आला.

"हीटर बघायला गेलो होतो," सागिन म्हणाला. "आवाज येत होता. मला काय ठाऊक त्या आत आहेत?"

"टकटक करावी," मी म्हटलं.

"बहिणीच्या घरात टकटक करू? बरं बाई, करतो. गाणं म्हणत जातो." आणि खरंच सगळ्या बोळात गाणं म्हणत फिरला. मी हसून हसून दमले. कुंदुझ फोन तिथंच ठेवून उठून गेली. तिला विनोद कळत नाही.

अशा एका तक्रारीनं धंदा बसतो. बायका तरी किती नाजूक. आमच्या वेळी सगळी वस्ती एका न्हाणीत न्हायची.

८ जून

देव पावला. लांबचा मुक्काम करणारी मिळाली. रौशान, डोंगरापलीकडच्या नारिनकडची. वरच्या सॅनेटोरियममध्ये मालीश आणि व्यायाम देण्याच्या कामाला लागलीय, हिवाळा सुरू होईपर्यंत राहणार. आपली भाषा, आपल्या रीती. बूट बाहेर काढून आली, येताना साय आणली. मला एजे म्हणते. जेवायला आमच्यातच बसवलं. कुंदुझचं आणि तिचं लगेच जमलं. कुंदुझला मी किती दिवसांनी मोकळं बोलताना ऐकलं.

एक गोष्ट खटकली. खोली बघताना तिनं पहिल्यांदा दाराची मागची बाजू बघितली.

"एजे, आतून कडी नाही का?"

"माझ्या घरात चोर नाहीत, बाळ."

"चोराचं नाही म्हणत मी," म्हणाली आणि हसली. मी विषय वाढवला नाही. वसतिगृहात राहिलेल्या पोरींना अशा सवयी लागतात.

२३ जून

सागिनची पाठ पुन्हा धरली. मी रौशानला म्हटलं, जरा हात फिरव त्याच्या पाठीवरून, घरातलीच आहेस ना आता. तर म्हणते, "त्यांना सॅनेटोरियममध्ये पाठवा, एजे. तिथं टेबल असतं, इतर लोक असतात, तिथं करते."

"तुझे हात काय झिजणार आहेत?"

"घरी करत नाही मी. कोणाचंच नाही."

माझं मीठ खाऊन ही मिजास! सागिननं मात्र उलट तिचीच बाजू घेतली. "जाऊ दे, एजे. लाजते." मोठ्या मनाचा आहे.

दुसरी कटकट. ती धुतलेले कपडे खोलीतच वाळत घालते. खाली लाकडी जमीन कुजेल. अंगणात एवढी लांब दोरी आहे ना? विचारलं तर म्हणते, दोरीवरचे कपडे नाहीसे होतात. माझ्या अंगणातून? फाटकाला घंटा आहे, सागिन दिवसभर घरात आहे, तरी कोण नेणार? वाऱ्यानं गेले असतील. की शेजारच्या कुत्र्यानं.

७ जुलै

न्हाणीवरून भांडण. आमच्या वाफेच्या न्हाणीच्या दाराच्या फळीत एक भेग आहे. कुंदुझनं तिच्यात चिंधी कोंबलेली. सागिननं ती काढून टाकली. वाफ बाहेर पडली नाही तर लाकूड कुजतं, हे त्याचं खरंच आहे. कुंदुझनं पुन्हा कोंबली. त्यानं पुन्हा काढली. आज बघते तर तिनं आतून पत्रा ठोकलाय, खिळे मारून.

"हे काय केलंस? घर तुझं आहे का?"

"वाफ छपरातून जाते, आपा. भेगेतून जे जातं ते वाफ नाही."

मला अर्थ लागला नाही. तिला विचारलं, तर ती हातोडी घेऊन निघून गेली. तालांतला फोन करून म्हटलं, तुझी बायको हल्ली फार तुटक वागते. तो म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नकोस, आई. एकटी पडली की तिला काहीबाही भास होतात."

१५ जुलै

रौशाननं बाजारातून कडी आणून स्वतः बसवली. मला न विचारता! माझ्या नवऱ्यानं घडवलेल्या दाराला भोकं पाडली. रौशान कामावर असताना सागिननं ती कडी उपटून काढली आणि भोकं बुजवून टाकली. संध्याकाळी आली तेव्हा मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, घर पसंत नसेल तर दुसरं बघ.

"दुसरीकडं आता सगळं भरलंय, एजे. उन्हाळा आहे. जागा मिळाली की मी जाईन."

तेवढ्यात कुंदुझ मधे पडली. या घरात आल्यापासून तिचा आवाज इतका वर गेलेला मी ऐकला नव्हता. "आपा, तिची कडी राहू द्या! तुमचं काय जातं?"

"माझं दार जातं! कसली भीती आहे तुम्हाला? काय हरवलंय तुमचं?"

"माझं काय हरवलंय ते विचारलंत तुम्ही कधी?"

सागिन उंबऱ्यावर बसून सफरचंद सोलत होता. सबंध साल एका लांब पट्टीत काढली आणि म्हणाला, "दोन बायका एकत्र आल्या की तिसरीचं घर मोडतात." कुंदुझ आत गेली. पेटी सरकवल्याचा आवाज आला.

जेवलं नाही कोणी. मला झोप लागेना. मी वाईट यजमान आहे का? आईच्या हाताखाली शिकले, पाहुण्याला पहिला घास द्यायचा. मग ही पोर माझ्याकडं अशी का बघते, जणू मी तिच्याकडून काही काढून घेतलंय?

२ ऑगस्ट

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तरी लिहिते.

समोरच्या घरी वर्षश्राद्धाचं जेवण होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका तिथं. चहाचे वाडगे कमी पडले म्हणून मी घरी आले. भर दुपार. कुंदुझ तिकडेच कणीक मळत होती. रौशानची आज सुट्टी.

बोळात आले तर तिच्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं. मी हाक मारली. दार ढकललं, बंद. पुन्हा हाक मारली. मग आतून किल्ली फिरली आणि सागिन बाहेर आला. गालावर ओरखडे. आत खिडकीजवळ रौशान उभी. खांद्यावर बाही फाटलेली, हातात चहाची किटली, झाकण जमिनीवर. ती माझ्याकडं बघत होती.

सागिन म्हणाला, "विजेचं बटण जळाल्याचा वास आला. बघायला गेलो तर पोरगी घाबरली, किटली फेकली. वेडी आहे."

मी म्हटलं, "बरं."

आणि वाडगे घेतले. पुसले. समोरच्या घरी गेले, ओळीनं सगळ्यांना चहा ओतला. कोणीतरी म्हणालं, कालिपा, चहा बाहेर सांडतोय. मी म्हटलं, वाडगे जड आहेत.

बटण जळालं असेल. घर जुनं आहे.

३ ऑगस्ट

रौशान कालच ठाण्यावर गेली. आज आमच्या भागातला पोलीस शाबदान आला. सागिनच्या वर्गातला. चहा घेतला, मुरंबा घेतला, बाहेर फळं कशी आलीत ते विचारलं. मग म्हणाला, "एजे, ही पोर म्हणते दाराला आतून कुलूप होतं आणि किल्ली ह्याच्याकडं. तुम्ही तिथं होतात. काय पाहिलंत?"

सागिन माझ्या शेजारी. रौशान भिंतीला टेकून उभी. कुंदुझ स्वयंपाकघराच्या दारात.

शाबदाननं मान हलवत मदतही केली. "घाईत होतात, नाही का? पाहुणे वाट बघत होते."

"हो," मी म्हणाले. "वाडगे न्यायला आले होते. काही पाहिलं नाही."

तो उठला. झालं म्हणाला.

रौशान माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त आत गेली आणि पिशवी भरू लागली.

४ ऑगस्ट

दोघीही गेल्या.

रौशान सकाळी गेली. कुंदुझ तिच्याबरोबर. एकच पिशवी घेऊन. मी फाटकात आडवी उभी राहिले. म्हटलं, सासरचं घर असं सोडून जातात का? लोकांना काय सांगू?

"काही पाहिलं नाही म्हणून सांगा," कुंदुझ म्हणाली.

मग थांबली. रौशानला पुढं जायला सांगितलं आणि माझ्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. हळू आवाजात, जणू कोणा तिसरीचं. सागिन आला त्याच हिवाळ्यात सुरू झालं. आधी न विचारता खोलीत यायचा. मग न्हाणीची भेग. मग एकदा कोठीघरात, मी बाजारात गेले असताना. तिनं त्याचा हात चावला होता. मला आठवलं, तेव्हा त्याच्या हाताला पट्टी होती. मीच बांधली होती. कुत्रा चावला म्हणाला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तालांतला सांगितलं. तो म्हणाला, मामा आहे, तुझा गैरसमज झाला असेल. आईला सांगू नकोस, तिला मामाशिवाय कोण आहे." तिनं पदरासारखा रुमाल गळ्याभोवती घट्ट केला. "तुम्हाला कड्या लावा म्हणून सांगितलं ना, आपा. आणखी कसं सांगायचं होतं?"

घंटा वाजली. ती गेली.

९ ऑगस्ट

तालांतला फोन केला. विचारलं, तुला ठाऊक होतं?

गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आई, मी इतक्या लांबून काय करणार होतो?"

मी फोन ठेवला. तो अजूनही रोज करतो. मी उचलत नाही.

१० ऑगस्ट

सागिनला म्हटलं, किल्ल्या ठेव टेबलावर.

आधी हसला. मग रडला, लहानपणी ताप आला की रडायचा तसा, हुंदके देत, माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून. क्षणभर माझा हात त्याच्या केसांत गेला. हे मी लिहिलंच पाहिजे. हात गेला. मग मला रौशानची फाटलेली बाही दिसली आणि मी हात काढला.

"त्या पोरींनी तुझे कान भरलेत."

"मी बोळात होते, सागिन. किल्ली आतून फिरली. मी ऐकलं."

तेव्हा त्याचं रडं थांबलं. डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "पण पोलिसाला तर तू वेगळंच सांगितलंस, एजे."

एवढी वर्षं ज्याला न्हाऊमाखू घातलं, त्याचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. की ऐकला होता आणि वाफ म्हणून सोडून दिला?

किल्ल्या ठेवल्या. जाताना माझ्यासाठी चूल पेटवून गेला.

१३ ऑगस्ट

ठाण्यावर जाऊन आले. शाबदानला म्हटलं, जबानी बदलायची आहे. पाहिलं होतं. ऐकलंही होतं.

"एजे, तक्रारच राहिली नाही. पोरीनं मागं घेतली, गाव सोडलं. आता तुम्ही का उकरताय? तुमचंच रक्त आहे."

"लिहून घे."

"म्हातारपणी भावाशी भांडण झालं म्हणून काहीही लिहून घेऊ?" त्यानं मला दारापर्यंत पोचवलं. हाताला धरून, आदरानं.

रौशानचा फोन बंद आहे. कुंदुझ माहेरी आहे. तिच्या आईनं फोन उचलला. म्हणाली, मुलगी झोपली आहे. इथं आल्यापासून झोपतेच आहे, तिला झोपू द्या.

येणाऱ्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं. पाटी काढली.

२६ ऑगस्ट

बुरमाकानचा फोन. आवाज आनंदानं फुललेला. "एजे, तू सागिनला पाठवलंस ते फार बरं केलंस!"

मी खालीच बसले. तो रशियाला परत गेला असं मला वाटलं होतं. वाटून घेतलं होतं. कुठं गेला हे मी कोणालाही विचारलं नव्हतं.

"सगळ्या खोल्यांची कुलपं दुरुस्त केली त्यानं. कामाच्या पोरी दोन ठेवल्यात या मोसमात, त्यांच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं, तेही केलं. पाहुणे खूश. मी म्हटलं, आता इथंच राहा."

मी सांगितलं. सगळं. कुंदुझचं, रौशानचं, न्हाणीचं, किल्लीचं. एक्स्चेंजमध्ये असताना लोकांची अशी बोलणी मी ऐकली होती आणि तार काढून दुसरीकडं जोडली होती. आज माझीच पाळी होती आणि शब्द सापडत नव्हते. तरी सांगितलं.

मग बुरमाकानचा आवाज, थंड.

"तो म्हणाला होता तू असं काहीतरी बोलशील. सून पळाली, त्याचं खापर त्याच्यावर फोडशील."

"बुरमाकान, मी पाहिलं."

"मग पोलिसाला का म्हणालीस काही पाहिलं नाही म्हणून? तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेस?"

"तेव्हा."

"आपल्या भावाबद्दल असं बोलताना जीभ कशी झडली नाही तुझी," म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. पलीकडं त्यानं उचलला असावा. नुसता श्वास ऐकू आला. मग बंद.

त्या दोन पोरींची नावंही मला माहीत नाहीत.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघते. तलावाला वळसा घालून जायला दुपार होईल. बुरमाकान मला घरात घेणार नाही, ते ठीक आहे. मला आत जायचंच नाही. फाटकाबाहेर उभी राहीन आणि तिथून बोलेन, नाव घेऊन, कामाच्या पोरींना, पाहुण्यांना, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. घसा बसेपर्यंत.